‘नाहीं’ आणि ‘सांपडलें नाहीं’

कोणत्याहि जुन्या ग्रंथावर मत देण्यापूर्वीं आपल्या हातीं असलेली प्रत कोणती, ती कोणीं सिद्ध केली आणि कोणत्या आधारावर, हें टीकाकारानें पाहून घ्यावें, असा आपल्याकडील चांगल्या टीकेचा शिरस्ता आहे. ज्ञानेश्वरींतील एखाद्या ओवीवर वाद घालावयाचा तर आपण राजवाड्यांनीं १९०९ मध्यें प्रसिद्ध केलेली प्रत घेतली आहे कीं वारकऱ्यांच्या नित्यपाठांतील प्रत, हें सांगितल्यावांचून वादास तोंड फुटत नाहीं. प्रतीचा निर्णय आधीं आणि अर्थाचा निर्णय मागाहून, हा क्रम इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो मोडणाऱ्यास आपण अभ्यासक म्हणावयास तयार नसतों. असें असतां गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुन्या पुस्तकांचें आपलें पुष्कळसें वाचन संगणकाच्या पडद्यावर होऊं लागलें, आणि त्या पडद्यावरील प्रतीसंबंधानें मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, ही गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. पडद्यावर दिसणारें पुस्तक आणि आपण यांच्यामध्यें तीन कारागीर उभे असतात: पानाचें छायाचित्र घेणारा, त्या चित्रांतील अक्षरें वाचणारें यंत्र, आणि तें सर्व आपणांपुढें मांडणारा ब्राउझर. हे तिघेहि एका अर्थीं संपादकच होत. त्यांच्या संपादनाचें परीक्षण करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ऋणनिर्देश केला पाहिजे. नाहींतर ही टीका कृतघ्नपणाची ठरेल. ब्रूस्टर केल यांनीं १९९६ मध्यें अमेरिकेंत स्थापन केलेलें ‘इंटरनेट अर्काइव्ह’, आपल्याकडील ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’, शिकागो विद्यापीठानें खुले केलेले दक्षिण आशियांतील भाषांचे कोश, राष्ट्रीय अभिलेखागारानें २०१५ मध्यें सुरू केलेलें ‘अभिलेख पटल’, यांनीं केलेल्या कामाचें मोल पैशांत करतां येण्याजोगें नाहीं. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ति पाहावयाची तर पूर्वीं एखाद्या मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे, आणि पुष्कळदां ग्रंथपालाची मर्जीहि सांभाळावी लागे. आज तीच आवृत्ति सावंतवाडीच्या शाळामास्तरांस आणि लंडनमध्यें संसार थाटलेल्या मराठी गृहिणीस रात्रीं अकरा वाजतांहि सारखीच उघडी आहे. आजोबांनीं जपून ठेवलेलीं मासिकें ज्यांच्या घरांतून घर बदलतांना रद्दींत गेलीं, अशा कित्येकांस तीं पडद्यावर पुन्हा भेटलीं आहेत. हें सर्व मान्य करूनच पुढील तक्रार मांडीत आहें.

ती तक्रार माझ्या स्वतःच्या फजितीपासून सुरू होते. कांहीं वर्षांपूर्वीं एकोणिसाव्या शतकांतील एका निबंधकाराविषयीं मी लेख लिहीत होतों. त्यांच्या निबंधांचा जाडजूड खंड पडद्यावर उपलब्ध होता. त्यांनीं ‘वाङ्मय’ हा शब्द कितीदां व कोणत्या अर्थानें योजला आहे हें पाहावें म्हणून मीं तो शोधाच्या चौकटींत घातला. उत्तर आलें शून्य. ‘ग्रंथ’ घातला, तो पानोपानीं निघाला. ‘विद्या’ घातला, तोहि विपुल. झालें! मीं तत्काळ सिद्धांत उभारला कीं, ललितलेखन ही शास्त्राहून निराळी अशी कांहीं वस्तु आहे ही कल्पनाच या लेखकाच्या मनांत उदय पावली नव्हती. त्यांना पुस्तकें दिसत होतीं, वाङ्मय दिसत नव्हतें. या सिद्धांतावर मीं दोन पानें खर्चीं घातलीं, आणि तीं छापून आलीं.

पंधरा दिवसांनीं एका वृद्ध स्नेह्यांचें पत्र आलें. त्यांत रोष नव्हता, उपदेश नव्हता. केवळ सतरा पृष्ठांक एकाखालीं एक लिहिलेले होते. तो खंड त्यांच्या घरीं कापडी बांधणींत होता. तीं सतरा पानें मीं पडद्यावर एक-एक करून उघडलीं. सतराहि ठिकाणीं ‘वाङ्मय’ हा शब्द ठसठशीत छापलेला होता. यंत्रानें तो कोठें ‘वाड्मय’, कोठें ‘वाङमय’, तर एके ठिकाणीं ‘वाहमय’ असा वाचला होता. ‘ङ’ आणि ‘ड’ यांच्यांत फरक काय तो एका टिंबाचा. माझा सारा सिद्धांत त्या टिंबावर उभा होता. पुढील अंकांत मीं चूक कबूल केली. परंतु ज्यांनीं पहिला लेख वाचला त्या सर्वांनीं ती कबुली वाचली असेल असें मानावयास आधार नाहीं. जो गृहस्थ उत्तर देण्यास आज हयात नाहीं त्याच्यावर मीं केलेला अन्याय कांहीं घरांतून अजून नांदत असेल, ही रुखरुख माझ्या मनांतून गेलेली नाहीं.

यांत यंत्रानें मला फसविलें काय? नाहीं. यंत्र म्हणालें होतें ‘सांपडलें नाहीं’. मीं ऐकलें ‘नाहीं’. या दोन वाक्यांतील अंतर हाच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे, आणि तें अंतर कशामुळें पडतें हें समजून घेतल्यावांचून यापुढें जुन्या वाङ्मयाचा अभ्यास करणें धोक्याचें आहे.

पडद्यावर दिसणारें पान हें चित्र असतें. चित्रांत शब्द नसतात. शाईचे आकार असतात. ते आकार ओळखणारें यंत्र चित्राच्या पाठीमागें एक अदृश्य मजकूर लिहून ठेवतें, आणि आपला शोध त्या अदृश्य मजकुरांत चालतो. म्हणजे आपण वाचतों एक प्रत आणि धुंडाळतों दुसरीच. रोमन लिपी वाचणारीं यंत्रें पुष्कळ जुनीं आहेत. देवनागरीचें दैव उशिरां उघडलें. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ ते १९९४ या काळांत घडलेलें ‘टेसरॅक्ट’ २००५ मध्यें सर्वांस मोकळें झालें, आणि २०१८ च्या त्याच्या चवथ्या आवृत्तींत सुटें अक्षर न पाहतां सबंध ओळ वाचण्याची युक्ति आली, तेव्हांपासून त्याचें देवनागरी वाचन बरेंच सुधारलें. इंटरनेट अर्काइव्हनें २०२० च्या सुमारास त्याचा अंगीकार केला. त्यापूर्वीं तेथील कित्येक मराठी पुस्तकांच्या पाठीमागें रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा तेवढा होता. सुधारलेलें यंत्रहि भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, ष आणि प यांत अजून घोटाळतें. फिकट छापलेल्या जुन्या पानांत ‘भरणपोषणा’चें ‘मरणपोषण’ होण्यास एक लहानशी गांठ पुसली गेली तरी पुरते. पान दोन रकान्यांचें असलें म्हणजे संकट आणखी वाढतें. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ मध्यें काढलेल्या ‘दर्पणा’सारखें, शेजारीं-शेजारीं मराठी व इंग्रजी रकाने असलेलें पत्र अशा यंत्रापुढें आलें, आणि रकान्याची रेघ न ओळखतां तें सरळ आडवें वाचीत सुटलें, तर दोन भाषांची जी खिचडी होईल तींत एकहि वाक्य शाबूत राहणार नाहीं.

हे दोष यंत्राचे म्हणून सोडून दिले तरी आपल्या भाषेच्या इतिहासांतूनच निघालेली दुसरी अडचण राहतेच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनानें १९६२ मध्यें मान्य केले, आणि ज्यांचा उच्चार होत नाहीं असे अनुस्वार लेखनांतून गेले. ते योग्य गेले कीं अयोग्य, हा वाद येथें उकरावयाचा नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि आला नसेल. आजचा विद्यार्थी चौकटींत ‘काही’ लिहितो. जुन्या पुस्तकांत आहे ‘कांहीं’. यंत्र अक्षरामागून अक्षर ताडून पाहतें, आणि मधला अनुस्वार आड येतो. ‘नाही’ हा शब्द ‘नाहीं’च्या पोटांत तरी आहे, म्हणून शब्दाचा तुकडा चालवून घेणारें यंत्र तो शोधून काढूं शकेल, पूर्ण शब्दाचा आग्रह धरणारें काढणार नाहीं. ‘कांहीं’ला तेवढीहि सोय नाहीं. टिळक, आगरकर, हरिभाऊ आपटे यांच्या पिढीचें सारें लेखन जुन्या वळणानें छापलेलें आहे. त्यांतील शब्द आजच्या वळणानें हांक मारल्यास ओ देत नाहींत, आणि हांक मारणारा समजतो कीं घरांत कोणी नाहीं.

याहून सूक्ष्म असा एक भेद आहे, तो डोळ्यांस दिसतच नाहीं. ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्धा र संगणकाच्या युनिकोड लिपींत दोन प्रकारांनीं लिहितां येतो: एकदां ‘ऱ’ हें स्वतंत्र अक्षर घेऊन, आणि एकदां साधा ‘र’ घेऊन त्यास एक अदृश्य सांधा जोडून. पडद्यावर दोन्ही रूपें सारखींच दिसतात. ‘ॲरिस्टॉटल’मधील पहिलें अक्षर युनिकोडांत स्वतंत्रपणें आलें २००८ मध्यें, त्याआधीं तें ‘अ’वर चंद्र ठेवून करीत, आणि अजूनहि पुष्कळ जण करतात. ज्या यंत्रास हीं रूपें एकच आहेत असें मुद्दाम शिकविलेलें नाहीं, त्याच्या लेखीं ते दोन निरनिराळे शब्द आहेत.

आतां तिसरा कारागीर, ब्राउझर. याच्याविषयीं आपली समजूत अशी कीं, तो केवळ खिडकी आहे. कोणत्याहि खिडकींतून पाहिलें तरी अंगण तेंच. अनुभव मात्र निराळा येतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचीं पानें टिफ या जातीच्या चित्रांत साठविलेलीं होतीं. ॲपलच्या सफारींत असें चित्र उघडतें. क्रोम व फायरफॉक्स यांत तें आपणहून उघडत नाहीं, त्यासाठीं वेगळें प्लग-इन जोडावें लागे. पुढें क्रोमनें २०१५ मध्यें आणि फायरफॉक्सनें २०१७ मध्यें जुन्या धर्तीच्या प्लग-इनांना दार बंद केलें. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला. इंटरनेट एक्सप्लोररला जून २०२२ मध्यें निरोप मिळाला. वर्तमानपत्रांतून या वार्ता व्यापाराच्या म्हणून आल्या. वस्तुतः अशा प्रत्येक तारखेस कोठल्या तरी ग्रंथसंग्रहाचें एखादें कपाट बंद होत होतें. पुस्तकें जळालीं नाहींत, वाळवीनें खाल्लीं नाहींत. किल्ली तेवढी बाद झाली. त्या लायब्ररीचें मूळ दालन पुढें बंदच पडलें. तींतील पुष्कळ पुस्तकें आज वाचतां येतात, तीं त्यांच्या प्रती वेळींच इंटरनेट अर्काइव्हमध्यें नेऊन ठेवण्याचें शहाणपण कोणीं दाखविलें म्हणून.

शोधाच्या बाबतींतहि खिडक्या सारख्या नाहींत. पीडीएफ जातीची प्रत दाखविण्यासाठीं फायरफॉक्सनें २०१३ पासून स्वतःचें दर्शक-यंत्र ठेवलें आहे, क्रोमचें दुसरें, सफारीचें तिसरें; आणि पानांतील अक्षरांवरून शब्द जुळविण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. मराठींत पहिली वेलांटी लिहितांना अक्षराच्या आधीं येते, उच्चारतांना नंतर. फाइल बनविणाऱ्यानें दृश्य क्रम धरला असला तर डोळ्यांस ‘किती’ दिसूनहि पाठीमागें भलतेंच कांहीं लिहिलेलें असतें. युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या फाँटांत तर रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले असत. तेथें वाचकास मराठी दिसतें आणि यंत्रास इंग्रजी बाराखडीचा गोंधळ. याची परीक्षा सोपी आहे: पानावरील एक ओळ उचलून कोऱ्या जागीं चिकटवावी, जें उमटेल तेंच यंत्रास ठाऊक असलेलें पुस्तक. फायरफॉक्सच्या शोधपट्टींत पूर्ण शब्द हवा कीं तुकडा चालेल, स्वरचिन्हांचा भेद मानावा कीं मानूं नये, हें वाचकास ठरवितां येतें. क्रोमच्या पट्टींत असा पर्याय दिलेला नाहीं. शिवाय ब्राउझरची ही पट्टी पडद्यावर त्या वेळीं मांडलेल्या मजकुरापलीकडे पाहत नाहीं, आणि सबंध पुस्तक धुंडाळणारी चौकट ग्रंथदर्शकाची स्वतःची, निराळ्या जागीं असते. एका चौकटींत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दुसरीनें दिलें असें समजून किती वाचक निराश होऊन परतले असतील, याची गणतीच करतां येणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हीं सारीं यंत्रज्ञांच्या कारखान्यांतील रडगाणीं आहेत. साहित्यटीकेशीं त्यांचा संबंध काय? या आक्षेपांत एवढें तथ्य आहे कीं, टीकाकारानें यंत्रज्ञ होण्याचें कारण नाहीं. पण खिळे जुळविणारा आपण नसलों तरी मुद्रणदोषांची आपण दखल घेतोंच. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी पुस्तकांची जी ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली, तिच्यांत एखादें पुस्तक नसलें तर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा हें आपणांस कळतें, कारण ती सूची एका माणसानें परिश्रमानें केली आहे, तिची मर्यादा आणि पद्धति समोर आहे, आणि सूचीकाराचें नांव तिच्यावर आहे. शोधाच्या चौकटीस कर्ता नाहीं, प्रस्तावना नाहीं, शुद्धिपत्र नाहीं. जिचा कर्ता समोर नाहीं तिचें म्हणणें आपण आपोआप निःपक्षपाती मानतों. माझ्या चुकीचें खरें मूळ या भोळेपणांत होतें.

हस्तलिखितांच्या प्रांतांत हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. पेशवे दप्तरांतून गोविंद सखाराम सरदेसायांनीं १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत ४५ खंड निवडून काढले; पण निवडलेल्या कागदांहून न निवडलेले कितीतरी अधिक आहेत. मोडी लिपीस युनिकोडांत स्थान मिळालें २०१४ मध्यें. तरी घाईनें लिहिलेलें मोडी वाचणें हें अजून मुख्यतः जाणत्या माणसाचेंच काम आहे. म्हणून अशा कागदांचीं चित्रें पडद्यावर आलीं तरी शोध बहुधा कागदांत होत नाहीं. सूचीकारानें वर लिहिलेल्या दोन ओळींच्या वर्णनांत होतो. ज्या बाईचें नांव पत्राच्या आंत आहे आणि वर्णनांत नाहीं, ती बाई शोधणाऱ्याच्या दृष्टीनें जन्मलीच नाहीं. सरदार आणि कारभारी सांपडतात. कुळंबीण सांपडत नाहीं. शोध जितका सुलभ, तितकी ज्यांचीं नांवें आधींच मोठीं आहेत त्यांचीच गर्दी अधिक. हा पक्षपात कोणीं हेतुपूर्वक केलेला नाहीं, म्हणूनच तो लक्षांत येत नाहीं.

मग करावें काय? जे संग्रह चालवितात त्यांच्याकडून तीन अपेक्षा रास्त आहेत. पहिली, पानाच्या चित्रामागील मजकूर कोणत्या यंत्रानें व केव्हां वाचला हें प्रत्येक ग्रंथाच्या आरंभीं सांगावें आणि तो मजकूर उघडून पाहण्याची सोय ठेवावी. दुसरी, अनुस्वाराचीं, अर्ध्या र ची आणि ‘ॲ’चीं जुनीं-नवीं रूपें शोधापुरतीं एक मानावीं; हें काम अवघड नाहीं, मराठी जाणणाऱ्या माणसानें लक्ष घालण्याचा अवकाश आहे. तिसरी, एका ब्राउझरच्या कृपेवर संग्रह उभा करूं नये. ब्रिटिश लायब्ररी, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड यांसारख्या संस्थांनीं २०११ पासून एकत्र येऊन ट्रिपल-आय-एफ या नांवाचा जो समाईक दंडक घातला आहे, त्यामुळें एका ग्रंथालयांतील पान दुसऱ्याच्या दर्शकांतहि उघडतां येतें. तो मार्ग आपल्याकडील संस्थांनींहि धरावा.

वाचकांचें कर्तव्य याहून साधें आहे. एखादा शब्द जुन्या पुस्तकांत शोधावयाचा असेल तर तो जुन्या वळणानें, नव्या वळणानें आणि तुकड्यानें असा तीनदां तरी शोधावा. एका ब्राउझरनें नकार दिला तर दुसऱ्यास विचारावें. मिळालेल्या ओळीच्या मागचें-पुढचें पान वाचावें. आणि कांहींच न मिळाल्यास निदान दहा-वीस पानें डोळ्यांखालून घालावींत. अभ्यासकांनीं तर ‘अमुक शब्द येत नाहीं’ असें न लिहितां ‘अमुक प्रतींत, अमुक रूपांनीं शोधला असतां मला सांपडला नाहीं’ असें लिहावें. वाक्य लांबेल, पण खरें होईल. आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या मासिकांच्या बांधीव फायली धूळ खात पडल्या असतील, त्यांनीं ‘आतां सर्व पडद्यावर आलें आहे’ या समजुतीनें त्या रद्दीवाल्याच्या काट्यावर घालूं नयेत. पडद्यावरील प्रतीवर फिर्याद आली तर साक्षीस शेवटीं तोच कागद लागतो.

माझ्या त्या वृद्ध स्नेह्यांस मीं पुढें एकदां विचारलें कीं, सतरा ठिकाणें इतक्या लवकर आपण कशीं काढलींत? ते म्हणाले, “काढलीं नाहींत. पुस्तक पुन्हा वाचलें.” शोधाच्या चौकटीनें आपल्याला पुष्कळ दिलें आहे, आणि पुढेंहि ती देईल. परंतु कोणत्याहि लेखकाविषयीं ‘यानें हें म्हटलेंच नाहीं’ असा निकाल देण्याचा अधिकार ज्यानें पुस्तक वाचलें आहे त्याचाच राहील. ज्यानें नुसतें शोधलें आहे त्यानें तो स्वतःकडे घेऊं नये.